सीटमधली गरम तार

सकाळी ती खाली उतरली तेव्हा तिच्या टॅक्सीतली ड्रायव्हरची सीट जागेवर नव्हती. सीट बाबांच्या कामाच्या टेबलावर होती, कव्हर सोललेलं, फोम उघडा... आणि बाबा तिच्याकडे न बघता आत्याला म्हणाले, "तिला सांग, आज गाडी बंद."

"दोन पावलांवर उभी आहे ती. तरी सांगते," आत्या म्हणाली. "मी म्हणजे या घरातला टेलिफोनच झालेय."

कॉलेज सोडून तिने टॅक्सी धरली, तेव्हापासून बाबांचा अबोला होता. त्यांच्या आजारपणात घर चालावं म्हणून तिने ते केलं होतं. पण जन्मभर लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या त्या मानी माणसाला, पोरीने आपल्यापायी शिक्षण सोडावं, हे सोसलं नव्हतं. तिनेही कधी समजावलं नाही. थंडीतल्या पहाटेच्या भाड्यांनी कंबर धरली, तीही तिने मुकाट्याने सोसली... आणि बाबा ते सगळं पाहत होते तर! फोमवर त्यांनी गरम होणाऱ्या तारेची पातळ चादर अंथरली होती. काय ते हात... फोममधल्या खाचेपाशी तार दुमडू नये म्हणून तिला अलगद वळसा देणारे, झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसा फोम फिरवणारे! पुढे ते हात नसलेल्या दिवसांत तिला हेच आठवत राहणार होतं.

"बॅटरीला जोडून, बसून पाहिलंय मी," बाबा आत्याला म्हणाले. "झकास झालंय."

ते वळले, आणि तिला दिसलं... मांडीमागे पँट करपली होती.

"बाबा, भाजलंय तुम्हाला."

"कुठे?" त्यांनी हात मागे नेला. बोटांना फोड लागला, पण चेहऱ्यावर वेदनेची रेघसुद्धा उमटली नाही.

आत्याने हातातला कप खाली ठेवला. "दादा, पाय बधिर झालेत तुझे? कधीपासून?"

"सांगून काय झालं असतं? पोरीने आणखी काहीतरी सोडलं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आधी नळाखाली चला."

"आधी सीट."

"बाबा."

ते निमूटपणे गेले. परत आले ते थेट तिच्याकडे पाहत. "मला चटका कळत नाही गं. तू बस आणि सांग."

फोमवर कव्हर अंथरून ती टेबलावरच्या सीटवर बसली. "इथे. खाचेच्या डावीकडे पोळतंय."

तार तारेवर चढली होती. तिला उठवून बाबांनी कव्हर उचललं, तार सोडवली, बोटाने सपाट केली आणि तिला पुन्हा बसवलं. "आता?"

ऊब सारखी पसरत होती, दुखऱ्या कमरेपर्यंत चढत होती. कुठेही खोट नव्हती... पण बाबा समोर उभे होते, किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर नजर लावून, तिच्या उत्तराची वाट पाहत.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून नीट कळत नाहीये."