सात नंबरची नळी

वडूजला मी गेले ती एका सहीसाठी. सांगलीहून सकाळची एसटी धरायची, विट्याला गाडी बदलायची, दुपारपर्यंत सही घ्यायची आणि संध्याकाळी घरी परतून खिचडी टाकायची, एवढाच बेत होता. भुताखेतांचा आणि माझा त्या दिवसापर्यंत काही संबंध नव्हता. असतो म्हणणाऱ्यांवरही माझा विश्वास नव्हता.

मी क्षमा. सांगलीतल्या एका रुग्णालयात नमुन्यांचा साठा सांभाळते. पेशंटचं रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी, असं सगळं बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि कुणा संशोधकाने मागितलं तर कागद तपासून द्यायचं, हे माझं काम. नाव क्षमा असलं तरी कागदातली चूक मी कुणाला माफ करत नाही. आमचा मधु, माझ्या हाताखालचा तंत्रज्ञ, म्हणतो, "मॅडम, तुमचा विश्वास पानिपतात गेला." गेला असेल. पण वीस वर्षांत माझ्या फ्रीझरमधली एक नळी इकडची तिकडे झालेली नव्हती.

मार्चमध्ये पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं. मोटर न्यूरॉनच्या आजारावर त्यांचं काम चाललं होतं. हा आजार फार वाईट. डोकं शाबूत राहतं. हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास, एकेक गोष्ट माणसाच्या हुकमातून निघून जाते. आमच्याकडे साठवलेल्या अकरा पेशंटांचे नमुने त्यांना हवे होते. दहा जणांचे कागद चोख निघाले. सात नंबरच्या संमतीपत्रावर नुसता अंगठा होता, तोही फरफटलेला. 'घरच्यांची नव्याने सही घ्या,' असं आमच्या समितीने कळवलं.

पत्रामागे कोण आहे ते मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात संयोगिता माझ्यासमोर येऊन बसली होती. सात नंबर म्हणजे तिचे वडील, माजी हवालदार कृष्णात. ती इस्लामपूरला शाळेत शिकवते. वय एकतीस, पदरी चार वर्षांची मुलगी.

"मॅडम, खडू पडतोय हातातनं," ती खाली बघत म्हणाली. "महिना झाला."

"उन्हाळा आहे. थकवा असेल."

"आण्णांचं पण चमच्यापासनंच सुरू झालं होतं."

मी तिच्या बोटांकडे नीट पाहिलं. लोक काय वाट्टेल ते सांगून नमुने मागतात, हा माझा अनुभव. पण ती खोटं बोलत नव्हती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की वडिलांच्या नमुन्यात दोष सापडला तर तोच तिच्या रक्तात शोधता येईल. नुसतं तिचं रक्त तपासून खात्रीचं काही कळणार नाही. म्हणून तिनेच पुण्याला लिहिलं होतं.

"असंल तर असूंदे. पण आधी कळूंदे. लेकीला कुणाच्या ओटीत घालायचं ते तरी मला ठरवता यील." आणि जाता जाता म्हणाली, "आईला सांगू नका."

वडूजला कृष्णातांचं घर गावाबाहेर रानात. चैत्रातलं ऊन. कुत्र्यालासुद्धा भुंकायचा कंटाळा आला होता. शालूबाई, कृष्णातांची बायको, ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मी ओळख सांगितली तसं सूप थांबलं.

"वळखलं की," त्या म्हणाल्या. "सात वर्सं झाली. आता काय ऱ्हायलंय त्यांचं तुमच्यापाशी?"

"पाठीतल्या पाण्याची एक नळी आहे. पुण्याला पाठवायची आहे. तुमची सही लागते."

"कुणी मागितली?"

"संस्थेने."

"आन संस्थेला कुणी सांगितलं?"

मी जगाकडे जशी बघते तशी ती बाई माझ्याकडे बघत होती. मी पिशवीतला कागद काढायच्या निमित्ताने मान खाली घातली.

"ह्यांस्नी इचारलं का?" शालूबाई हळूच म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण 'ह्यांस्नी' एकदा विचारलं होतं, आणि विचारणारी मीच होते.

ते आता सांगूनच टाकते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा कृष्णातांचं पापण्यांखेरीज काही हलत नव्हतं. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही, अशी घरच्यांनी खूण ठरवलेली. शालूबाई त्यांच्या हाताला कापराचं तेल चोळत होत्या. मी पलंगाशी वाकून संमतीपत्र वाचलं आणि विचारलं, "नमुना घेऊन ठेवू ना?" त्यांनी पापण्या दोनदा मिटल्या. सावकाश, स्पष्ट. मी परत विचारलं. परत दोनदा. शालूबाई म्हणाल्या, "डोळ्यांस्नी पाणी येतंय, म्हनून झाकत्यात. घ्या तुमी अंगठा." मला त्या महिन्यात नमुने पुरे करायचे होते. मी तो मऊ, तेलकट हात उचलला आणि अंगठा दाबून घेतला. तो माणूस सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. तीन आठवड्यांनी गेला.

"तुमी बी बगितलं हुतं, आन मी बी," शालूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ह्यातनं कायतरी औषीद निगंल. आशा लय वाईट बगा."

"मग सही...?"

"करती की. लेकीनं तुमास्नी गाठलंय, हे न कळाया मी खुळी हाय व्हय? तिच्या हातातनं वाटी पडल्याली म्या बगितलीया." त्यांनी सही केली, कागद माझ्या हातात दिला, पण दुसरं टोक सोडलं नाही. "म्या दिली. पर ते द्यायचं न्हाईत."

परतीच्या एसटीत मी स्वतःची समजूत घातली. म्हातारं माणूस, एकटं राहतं, मनात काहीबाही येतं. माझ्या मनात काही येत नव्हतं असं मात्र नाही.

नमुने पाठवायचे ते मंगळवारी. पुरात तळमजला बुडाल्यापासून आमचा फ्रीझर दुसऱ्या मजल्यावर आहे, कोपऱ्यातल्या खोलीत. वेळ दुपारी चारची. खाली बाह्यरुग्ण विभाग गजबजलेला, वर खिडकीतून ऊन आलेलं. घाबरण्यासारखं तिथे काही नव्हतं. मधु कोरड्या बर्फाची पेटी उघडून उभा होता. मी एकेक नंबर वाचत होते, नळी काढत होते, पेटीत ठेवत होते. पहिले सहा झाले, आठ ते अकरा झाले. सात मी मागे ठेवला होता. मुद्दाम नाही. म्हणजे, मला तरी तसं वाटत होतं.

फ्रीझरमधल्या प्रत्येक नळीवर हिमाची पांढरी साय धरलेली असते. सातवरही होती. पण मधोमध एक जागा स्वच्छ होती. अंगठ्याएवढी. आणि तिच्यात रेषा दिसत होत्या.

"मधु, हिला हात लावलास?"

"मी?" तो जवळ येऊन वाकला. "मॅडम, ह्या गारठ्यात उघडं बोट लावलं तर कातडी चिकटून निघंल. आन किल्ली तुमच्याच गळ्यात असती की."

ते खरं होतं. तरी मी त्याचे दोन्ही अंगठे बघून घेतले.

मी नळीकडे हात नेला आणि फ्रीझरचा धोक्याचा भोंगा वाजला. दोनदा. थांबला. परत दोनदा. मी हात मागे घेतला, भोंगा बंद. काट्यावर उणे ऐंशी, सगळं जागच्या जागी.

"वायरिंग गेलं असंल," मधु म्हणाला. त्याचा आवाज मात्र बसला होता. "वायरमनला घिऊन येतो..." आणि तो गेला. जरा घाईनेच गेला.

मी एकटी उरले. खाली कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. आणि मला वास आला. उणे ऐंशीला कशालाच वास नसतो, हे मी वीस वर्षं शिकाऊ मुलांना सांगत आले आहे. पण त्या उघड्या दारातून, थंड वाफेबरोबर, कापराच्या तेलाचा वास येत होता. नुकत्याच चोळलेल्या, कोमट हाताचा.

"कोण...?" मी म्हणाले. आणि मग, स्वतःची लाज वाटत असतानाही, "कृष्णातराव?"

भोंगा एकदा वाजला.

मी टेबलाला धरलं.

"नळी... देऊ ना?"

दोनदा.

"संयोगितासाठी मागतेय हो. तुमच्याच लेकीसाठी."

बराच वेळ काही नाही. वाटलं, मानलं. आणि मग सुरू झालं. दोनदा, दोनदा, दोनदा, दोनदा, मध्ये श्वास न घेता, ओरडायला पापण्यांशिवाय काहीच नसलेल्या माणसासारखं. मला रडू फुटलं. एवढं कळवळून नाही म्हणणारा माणूस माझं काही वाकडं करायला आला नव्हता. तो कशाच्या तरी वाटेत आडवा उभा होता, दोन्ही हात पसरून. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण माझ्या डोळ्यांपुढे खडू पडणारा हात होता. आणि खरं सांगायचं तर कागदही होता. सही झालेला, समितीने मान्य केलेला, गाडी खाली उभी. मी आयुष्यात दुसऱ्यांदा त्या माणसाचं नाही बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. हातमोजा चढवला, नळी उचलली, बर्फात ठेवली.

भोंगा त्याच क्षणी थांबला. वायरमनने तासभर तपासलं. बिघाड काही नव्हता. मी अकरा नळ्या मोजल्या, मधुने अकरा मोजल्या, पेटीला मोहोर केली.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. तिथे नमुने उतरवून घेणारी सोनम नावाची मुलगी बोलत होती.

"मॅडम, बारा नळ्या आल्यात. तुमच्या यादीत अकराच आहेत."

"शक्य नाही. मी स्वतः मोजल्यात."

"फोटो पाठवते."

मी फोटो उघडला. नेहमीची नळी, नेहमीची चिठ्ठी. नंबर सात, त्याखाली रेघ, रेघेखाली दोन. एकाच घरातला दुसरा पेशंट आला की आम्ही असा नंबर देतो. खाली लिहिलं होतं: पाठीतलं पाणी, स्त्री, वय बत्तीस. नमुना घेतल्याची तारीख पुढच्या वर्षीची, नऊ डिसेंबर.

माझा पहिला संशय मधुवर गेला, दुसरा सोनमवर. मग मी चिठ्ठी मोठी करून पाहिली. अक्षर माझं होतं.

"तारीख चुकली असेल ना, मॅडम?" सोनमने विचारलं. "दुरुस्त करून कळवता?"

"कळवते."

"आणि एक..." ती घुटमळली. "ही नळी गोठलेली नव्हती. बर्फात बाकीच्या अकरा दगड झालेल्या, आणि ही हाताला कोमट, जिवंत माणसाच्या अंगासारखी. आम्ही फ्रीझरमध्ये ठेवली, सकाळी काढली, तरी कोमटच. तुमच्याकडे कधी असं झालंय?"

संयोगिता दर शनिवारी फोन करते. "काय आलं का, मॅडम?" मी सांगते, अजून नाही, संशोधनाला वेळ लागतो. वडिलांच्या नमुन्याचा निकाल खरंच यायचाय, त्यामुळे ते अर्धं तरी खरं आहे. परवा तिने विचारलं, "तुमचा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, सर्दी झालीय. ती दुसरी नळी फोडून टाका, असं पुण्याला सांगायला किती वेळा फोन उचलला, पण जीभ रेटत नाही. फोडल्यावर संयोगिताचं काय होईल, कोण सांगणार?

म्हणून रोज सकाळी दहाला मी सोनमला फोन लावते. एकच प्रश्न विचारते. आज कोमट आहे ना? सुरुवातीला ती हसायची, आता हसत नाही. जाऊन हात लावून येते आणि हो म्हणते.

आज सकाळी ती जरा थांबून म्हणाली, "आहे, मॅडम. कालच्यापेक्षा थोडी कमी."