लाळेतलं शिसं

प्रेम ही माणसाच्या आतली सर्वांत निर्मळ गोष्ट आहे. या प्रकरणात तिच्यात शिसं निघालं.

सिगारेट ओढणाऱ्यांच्या लाळेत विषारी धातू किती असतात, हे ती मोजायची. मुलीने आयुष्यात काय करावं याबद्दल तिच्या आईच्या बऱ्याच कल्पना होत्या. त्यांत हे कुठेच बसत नव्हतं. तो रेडिओ, स्पीकर दुरुस्त करणारा मेकॅनिक. प्रयोगशाळेतला बिघडलेला स्टॅबिलायझर न्यायला आला, आणि तिने तो नमुना द्यायला आलाय असं समजून मान खाली ठेवूनच त्याच्या हातात नळी दिली.

"चूळ भरून या. मग अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही, ओढणं तर नाहीच. सिगारेट ओढता ना?"

तेवढ्यात तिने वर पाहिलं.

"हो…" तो म्हणाला. "म्हणजे — भरपूर."

त्याने जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता.

अर्धा तास समोरासमोर बसणं झालं. मग नळी ओठांशी नेली, तर तोंडाला कोरड पडलेली.

"काहीतरी आंबट डोळ्यांसमोर आणा."

"डोळ्यांसमोर तुम्ही आहात."

"म्हणजे मी आंबट?"

"नाही हो — जागा अडलीय, एवढंच."

ती हसू दाबत खिडकीकडे वळली. तिची पाठ झाली, तेव्हा कुठे नळी भरली.

नमुना दर आठवड्याला द्यायचा होता. इतरांना आठवण करून द्यावी लागे; हा दाढी करून यायचा. त्या अर्ध्या तासांत तो सांगायचा, की बंद रेडिओ उघडण्याआधी त्याला कान लावावा, निम्मं दुखणं तोच सांगतो. ती सांगायची, की ती काय काम करते हे कळलं की लोक चहा अर्धा टाकून उठतात.

"मी तर पुढच्या आठवड्याची लाळही आत्ताच देतो."

"इतकं ओढता, आणि अर्धा तास जराही चुळबूळ नाही?"

"मन रमलंय," तो म्हणाला. निदान हे तरी खरं होतं.

मग निकाल आले. त्या दिवशी ती हसली नाही.

"सिगारेटमधून येणारं कॅडमियम नावालासुद्धा नाही. तुम्ही सिगारेट ओढतच नाही."

त्याने हातातली नळी टेबलावर ठेवली.

"माणसं जे सांगतात त्यावर भरवसा ठेवून मी आकडे मांडते. एक खोटा निघाला, की सगळ्यांकडे संशयाने बघावं लागतं… का केलंत असं?"

"त्या दिवशी 'नाही' म्हटलं असतं, तर स्टॅबिलायझर उचलून जावं लागलं असतं."

तिने निकालाचा कागद उलटला.

"आणि शिसं? इतकं आलंय, की मशीन बिघडलं समजून मी पुन्हा तपासलं. काम करताना तोंडात काय धरता?"

"सोल्डरची तार… डाग द्यायची, शिशाची. दातात. दोन्ही हात अडकलेले असतात ना. आमचे उस्तादही तशीच धरायचे."

"कुठे असतात ते?"

"घरीच. हात फार थरथरतात त्यांचे." बोलता बोलता त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"बोला ना, गप्प का झालात?" तिचा आवाज चढला होता, पण परक्या माणसावर कुणी इतकं चिडत नाही, हे त्यालाही कळत होतं. "उद्या रक्त तपासायचं. मी येतेय बरोबर. आणि तार पुन्हा दातात दिसली तर बघा!"

"दिसायला दुकानात यावं लागेल तुम्हाला."

"येईन की."

"आणि… मला काढून टाकणार?"

"संशोधनातून? हो. लगेच."

"आणि एरवी?"

तिने हातमोजा काढला आणि त्याच्या हातावर हात ठेवला. प्रयोगशाळेत असं करणं नियमाबाहेर आहे.

त्याने तार धरायला चिमटा आणला. शिसं हळूहळू उतरलं. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि तिचा प्रबंधही मंजूर झाला. त्यात नवऱ्याचा उल्लेख एका ओळीत आहे : वगळलेले सहभागी — एक.