चौकोनी कंसातले आवाज

सगळ्या जगाने पाहून संपवलेले सिनेमे मी चाळिशी ओलांडल्यावर पाहायला घेतले. हौस म्हणून नव्हे. मी ज्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करतो, तिथल्या रविवारच्या पुरवणीत एका सदराची जागा अचानक रिकामी झाली आणि संपादकबाईंना आठवलं की, कुठल्याही गाजलेल्या सिनेमाचा विषय निघाला की मी गप्प बसतो. त्या म्हणाल्या, तू काहीच पाहिलेलं नाहीस, हेच तुझं भांडवल. पाहा आणि लिही. सदराचं नाव ठरलं ‘राहून गेलेलं’.

माझी सिनेमे पाहण्याची पद्धत आधी सांगायला हवी. बायको एका दंतप्रयोगशाळेत कवळ्या बनवते. ती सकाळी आठला जाते, सहाला येते. मी घरून काम करतो आणि मुलीला सांभाळतो. मुलगी साडेतीन वर्षांची. बालवाडीतून बाराला आणायची, भरवायची, दीडला निजवायची. दीड ते तीन हा माझा सिनेमाचा खेळ. एक सिनेमा पुरा व्हायला दोन दुपारी लागतात, कधी तीन.

मुलीला आम्ही लाडाने भोंगा म्हणायचो. तिच्या रडण्याने खालच्या मजल्यावरचे शिंपी शिलाई थांबवून वर बघायचे. जागी असताना ही तऱ्हा, आणि झोप मात्र इतकी हलकी की बाहेर चमचा पडला तरी उठणार. म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. कानात काही घालून ऐकावं, तर ती उठलेली मला कळणार नाही. मग मी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतात ती सबटायटल्स लावायला लागलो. त्यांत बोलणं तर असतंच, शिवाय आवाजही चौकोनी कंसात लिहिलेले असतात. [दार आपटतं]. [दूरवर कुत्रं भुंकतं]. मी सोफ्यावर, समोर मुका टीव्ही, डाव्या हाताला मुलीच्या खोलीचं चार बोटं उघडं ठेवलेलं दार. घरात फक्त फ्रीजची घरघर.

तिसऱ्या महिन्यात मी खटल्याचा एक सिनेमा पाहिला. कुठला ते सांगत नाही. सांगितला की लोक तपासायला बसतात, आणि ते आता मला नको आहे. त्यात न्यायाधीश आपल्या खोलीत एकटा बसून निकाल लिहितो. खाली ओळ आली, [शेजारच्या खोलीत मूल गुणगुणतं]. मी पार विरघळलो. अर्धं सदर त्या न दिसणाऱ्या मुलावर लिहिलं. दिग्दर्शकाला केवढी समज, वगैरे.

मंगळवारी तीन पत्रं आली. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं होतं की तिने तो सिनेमा नऊ वेळा पाहिला आहे आणि त्यात आरंभापासून शेवटापर्यंत एकही मूल नाही. संपादकबाईंचा फोन आला. “खरं सांग, पाहिलास ना? की कुणाचं वाचून खरडलंस?” मला ते लागलं. संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून, आवाज मोठा करून तो प्रसंग पुन्हा लावला. लेखणीची कुरकुर होती. कंसातही तेवढंच लिहिलं होतं. बायको म्हणाली, बाप झाल्यावर कान असेच होतात, स्वयंपाकघरातली शिटीसुद्धा रडल्यासारखी वाटते. पुढच्या रविवारी मी चौकटीत माफी छापली.

त्यानंतरचा सिनेमा जहाजाचा. भर समुद्रात वादळ, कप्तान डेकवर उभा, आणि खाली ओळ, [पलंग करकरतो]. मी हसलो. लगेच दुसरी, [पांघरूण सरकतं]. उठून मुलीच्या खोलीत गेलो. ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून निजली होती आणि पांघरूण जमिनीवर पडलं होतं.

कबूल करतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. सोय वाटली.

मुद्रितशोधकाची सवय म्हणून पंधरा दिवस वहीत वेळा टिपल्या. टीव्हीवर [मूल जांभई देतं] आलं की खोलीत जाऊन पाहायचं. बारापैकी बारा वेळा बरोबर. सिनेमा कुठलाही चाले. आवाज सुरू केला की मात्र कंस सिनेमाचेच. हे कसं होतं याचा मी विचार केला नाही असं नाही. पण कामं इतकी असायची की विचार दुसऱ्या दिवसावर ढकलला जायचा. मी सिनेमा लावून ओट्याशी उभा राहायला लागलो. भाजी चिरता चिरता एक नजर टीव्हीकडे. जांभई आली की दूध गरम करायला ठेवायचं. ती डोळे चोळत बाहेर येईपर्यंत पेला तयार.

माझी एक मावसबहीण ही सबटायटल्स लिहिण्याचंच काम करते. सदरासाठी माहिती हवी म्हणून तिला फोन केला. खरं काय ते सांगितलं नाही. ती म्हणाली, “दादा, साधी गोष्ट आहे. आवाज कुठून येतोय ते पडद्यावर दिसत असेल, तर आम्ही बहुतेक वेळा लिहीत नाही. दिसत नसेल तेव्हा लिहितो. आणि एकदा लिहिला ना, की तो ऐकू आला नाही तरी कुणाचं काही अडत नाही.” मी हे वाक्य तसंच्या तसं सदरात वापरलं. वाचकांना फार आवडलं.

त्याच सुमारास बालवाडीच्या बाई मला दाराशी थांबवून म्हणाल्या की तुमची मुलगी अलीकडे किती शहाणी झाली आहे, अजिबात गलका करत नाही. मी घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलं. “भोंगा बंद पडला वाटतं,” ती म्हणाली आणि आम्ही दोघंही हसलो. मला तर श्रेय माझंच वाटलं. किती महिने मी दिवसातून पन्नासदा ओठांवर बोट ठेवत होतो. श्श, बाबांचं काम चाललंय. श्श, थांब जरा. शिंपीही जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, पोर आजोळी गेली का?

एकदा मी लिहीत असताना ती माझ्या कोपराला येऊन टेकली. पावलं वाजली नव्हती. मी एवढा दचकलो की हातातला पेला पडला. तिला त्याची गंमत वाटली आणि ती हसायला लागली. तोंड पुरतं उघडं, खांदे हलताहेत, डोळ्यांत पाणी. आवाज नाही. नवीन खेळ असेल म्हणून मीही तसाच मुका हसलो. आज आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

मग तिला ताप आला.

गुरुवार होता. ती निजली होती, मी वाळवंटाचा एक सिनेमा लावला होता. दोन घोडेस्वार, मैलोन्‌मैल वाळू. खाली ओळ, [मूल खोकतं]. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी उठलो आणि दार ढकललं.

ती पलंगावर उठून बसली होती आणि खोकत होती. चेहरा लाल, मानेच्या शिरा ताणलेल्या, सगळं अंग गदगदा हलत होतं. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. खालचं शिलाई मशीन ऐकू येत होतं. तिच्या तोंडून काहीही येत नव्हतं.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बोल, काहीतरी बोल बाळा, मोठ्याने ओरड. तिने माझ्याकडे बघून ओठ हलवले. मी दाराच्या फटीतून मागे वळून पाहिलं. घोडेस्वार पाण्याशी थांबले होते आणि खाली लिहिलं होतं, [मूल: बाबा].

बायको अर्ध्या तासात आली. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा पाहिला. थोडा लाल आहे, बाकी ठीक, म्हणाले. मग छातीला नळी लावली. ऐकलं. नळी सरकवली. पुन्हा ऐकलं. नळीच्या टोकावर बोटाने टकटक केलं. खणातून दुसरी नळी काढली, ती आधी स्वतःच्या छातीला लावली, मान हलवली आणि मग मुलीच्या छातीला लावली. बराच वेळ लावून ठेवली. शेवटी ती काढून त्यांनी मुलीचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत बसले.

“नाडी चांगली आहे,” ते म्हणाले. आमच्याकडे न पाहता चिठ्ठी लिहिली. “उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. उशीर करू नका.”

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिला वाटलं, माझं डोकं फिरलंय. टीव्ही तसाच चालू राहिला होता आणि वाळवंटाचा सिनेमा आपोआप पहिल्यापासून सुरू झाला होता. ओसाड वाळू, चिटपाखरू नाही. खाली ओळ होती, [हृदयाचे ठोके].

बायकोने वाचलं. मुलीच्या छातीला कान लावला. मग उठली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने रिमोट घेऊन आवाज सुरू केला. सिनेमाचं संगीत घरभर झालं. कंस नाहीसा झाला. मुलगी आमच्यामध्ये बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ हळूहळू पांढरे पडत होते.

मी बायकोच्या हातून रिमोट हिसकावून घेतला. आवाज बंद केला.

कंस लगेच आला नाही. वाळू, वाळू, उंटांची रांग. मी मुलीचं मनगट घट्ट धरून बसलो होतो. नऊ मिनिटांनी ओळ उमटली, [हृदयाचे ठोके, मंद]. तिच्या ओठांवर रंग आला. बायको जमिनीवर बसून रडायला लागली, तिचा मात्र आवाज येत होता.

सकाळपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलं. खाली शिंप्यांकडे गाडी आहे, त्यांना बोलवायला बायको गेली. मी मुलीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलो. वाटेत टीव्ही नसेल तेव्हा काय करायचं, ते आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं.

मी तिच्याशी बोलत राहिलो. इतके दिवस साठलेलं सगळं. तू बरी हो, मग हवा तेवढा गोंगाट कर. भांडी वाजव, ताटं बडव. बाबा काही काम करणार नाही. बाबा एकही सिनेमा पाहणार नाही. मला रडू फुटत होतं आणि मी ते आवरत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती. टीव्हीकडे बघत होती.

पडद्यावर एक रिकामं घर आलं. आत अंधार. दार चार बोटं उघडं.

[मूल: बाबा]

तिचे ओठ हलले नव्हते. मी वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला उत्तर द्यायला एक क्षण लागला. तेवढाच एक क्षण.

[बाबा ‘ओ’ देतात]

मी तोंड उघडलं नव्हतं.

मांडीवरची माझी मुलगी हसली आणि कडेवर जायचं असलं की करते तसे दोन्ही हात तिने टीव्हीच्या दिशेने पुढे केले.