रिकाम्या खिळ्याखालचं मेण

हिरालाल बेलिफाच्या मुलीचं, मोनालीचं लग्न २०२४ च्या मार्चात झालं. मांडव उतरवून तो वर्ध्याच्या कोर्टात कामावर रुजू झाला, तेव्हा टेबलावर तीच नोटीस तिसऱ्यांदा येऊन पडली होती. वादी अश्वजित. प्रतिवादी त्याची बायको नंदिनी. मामला घटस्फोटाचा आणि सात वर्षांच्या रुचिकाच्या ताब्याचा.

वर न्यायाधीश मॅडमचा शेरा होता : नोटीस प्रतिवादीच्या हातातच द्यावी. पुढच्या तारखेला आई स्वतः हजर झाली नाही, तर मुलगी बापाकडे जाईल.

मागच्या दोन्ही खेपांना नंदिनी हिरालालला भेटली नव्हती. तिच्या नावाचा अर्ज मात्र टपालाने आला होता : ‘तब्येत बरी नाही, पुढची तारीख द्यावी.’ हिरालालने तो नीट पाहून ठेवला होता. अक्षरं मोठी, थरथरती. वरची रेघ आधी ओढलेली आणि अक्षरं मागून तिला टांगलेली. शब्द संपला तरी रेघ पुढे रिकामीच गेलेली.

ओळख पटवायला या वेळी त्याने अश्वजितला सोबत घेतलं. अश्वजितचं जाम गावच्या चौकात टायरचं दुकान होतं. हिंगणीपर्यंत मोटारसायकलवर तो एकदाच बोलला.

"फोन उचलत नाई, मेसेज वाचत नाई. इतका राग असते का माणसाले?"

नंदिनीच्या माहेरचं घर गावाबाहेर, बोरच्या जंगलाकडच्या शेतात एकटंच होतं. भर दुपार. पान हलत नव्हतं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. उघड्या काळ्या मातीत हिरवं असं एकच होतं, काट्यांच्या कुंपणात वीतभर लिंबाचं रोप. रुचिका त्याला लोट्याने पाणी घालत होती आणि हळू आवाजात काही सांगत होती.

बापाला पाहून ती धावली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं.

नंदिनीची आई भागीरथाबाई दारात आली.

"नंदिनी कुठं हाये, बाई?" हिरालालने विचारलं.

"शेतात गेली, भाऊ. कापूस वेचाले."

"कोणाच्या?"

"लोकाइच्या."

"फाल्गुन लागला. शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झाली सारीकडं. आता झाडावर कापूस राह्यला कुठं?"

अश्वजित सासूवर उसळला. "लपवून ठेवली तिले, मामी! नुसत्या तारखा ढकलून राह्यल्या तुम्ही."

"तू चूप बस. तुह्या टायरात नसन तेवढी हवा तुह्या तोंडात हाये."

हिरालालने प्यायला पाणी मागितलं आणि तो आत गेला. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. खालच्या फळीवर मेणबत्तीचे थेंब. शेजारी एक रिकामा खिळा होता. त्याच्याखालीही मेणाचे थेंब होते, पांढरे, ताजे.

त्याने नोटीस आणि पेन काढला.

"नोटीस तुम्ही पाह्यली, एवढी सही करा," तो म्हणाला.

तिने पेन घेतला. आधी लांब रेघ ओढली. मग एकेक अक्षर तिला टांगत गेली.

हिरालालने पेनला टोपण लावलं. "बाई, फोटो काढा."

"कोणता?"

"माही गाडी वाजली की जो उतरवता, तो."

मग भागीरथाबाईने तांदळाच्या कोठीत हात घातला. नंदिनीचा फोटो निघाला. त्याला हार होता.

"हे काय?" अश्वजित पुटपुटला.

"तो अर्ज तिचा नव्हता," हिरालाल म्हणाला. "नंदिनी नर्स होती. दिवाळीआधी तिनं देलेलं उत्तर फायलीत हाये, धावतं, तिरपं अक्षर. हे रेघ आधी ओढणं तिच्या आईचं. जित्या माणसाच्या फोटोपुढं आपण मेणबत्ती लावत नाई. अन उन्हाच्या तोंडावर रोप कोण जपते? आपल्यात आता राख नदीत सोडत नाई बरेच जण. तिच्यावर झाड लावतात."

भागीरथाबाई खाली बसली. "पुण्यात नर्स म्हणून लोकाइचे म्हातारे सांभाळे. डिसेंबरात कावीळ झाली. मी पोचलो तवा बोलत होती. रुचिकाले तुह्यापाशी ठेवजो म्हणे. मेली म्हणून सांगतलं असतं, तं कोर्टानं पोरगी बापाले देली असती. माह्यापाशी काय उरलं असतं, भाऊ? वीतभर लिंब."

अश्वजितने दाराची चौकट धरली. "तीन महिने मी मेलेल्या बाईशी भांडून राह्यलो."

दारात रुचिका उभी होती. "आजी, मी नाई सांगतलं कोणाले."

अश्वजितने तिच्या हातातला लोटा घेतला. शेतात जाऊन उरलेलं पाणी त्याने रोपाला घातलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"खोटा अर्ज गुन्हा हाये, बाई," हिरालाल म्हणाला. "मॅडमपुढं खरं सांगा. अन आता आजी म्हणून, आपल्या नावानं अर्ज टाका. भेटीचा हक्क मागता येते."

अश्वजित सासूकडे न पाहता म्हणाला, "तारखेपर्यंत राहू द्या तिले इथंच. तारखेले कोर्टात तुम्हीच घेऊन येजा, मामी. मी तिथंच राहीन."

हिरालालने नोटीस उलटी केली, गुडघ्यावर ठेवली आणि शेरा लिहिला :

‘नोटीस बजावता आली नाही. प्रतिवादी नंदिनी ही दिनांक ९ डिसेंबर २०२३ रोजी पुणे येथे कावीळ होऊन मरण पावली.’