एकापुरतं मीठ

तुरियाबरोबर प्रवास करायचा म्हणजे गावं कमी आणि गावातल्या चुलीच जास्त बघाव्या लागत. कॅसाब्लांकाहून निघाल्यापासून तिने एकही ठेला सोडला नव्हता. मराकेशला हमामच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या भट्टीत, गरम राखेत पुरलेल्या मडक्यातलं मटण खाल्लं. पुढे गोगलगायींचा रस्सा भुरकला आणि शंख टाचणीने कोरून कोरून रिकामे केले. डोंगर लागल्यावर बदाम आणि आर्गनच्या बियांच्या तेलाची चटणी पावाला लावून इतकी खाल्ली, की ठेलेवाला म्हणाला, "बाई, बरणीच घेऊन जा, म्हणजे माझी बोटं तरी शिल्लक राहतील." तिने खरोखरच बरणी घेतली.

लग्नाघरी मोठमोठ्या पातेल्यांचा स्वयंपाक करणारी बाई ती. तिचं सगळं पोट तिच्या जिभेवर चालायचं. नवीन घास तोंडात गेला की डोळे मिटून ती क्षणभर गप्प व्हायची, आणि मग त्यात काय काय पडलंय ते धडाधड सांगायची.

तिचा नवरा मिलूद मात्र नुसता घास चिवडत होता. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, पण इतकं तिला कळलं होतं, की हा माणूस घाबरला की जेवत नाही.

आणि घाबरण्यासारखं काय होतं? मित्राकडे तर चालले होते! बोलावणं फोनवर आलं होतं. मिलूद अंघोळीला गेला होता, म्हणून तुरियाने फोन उचलला.

"वहिनी ना? मी बिही," पलीकडून आवाज आला. दूरचा, मागे वारा घुमत असल्यासारखा. "लग्न केलंत आणि मित्राच्या घरचा घासही घेतला नाहीत? खाणीच्या जुन्या रस्त्याला या. मिलूदला ठाऊक आहे जागा. पहाडातलं जेवण घालीन, शहरात कधी चाखलं नसेल असं."

तुरिया एका पायावर तयार झाली. मिलूदला सांगितलं तेव्हा तो ओल्या टॉवेलानिशीच पलंगावर बसला.

"बिही? नाव नीट ऐकलंस?"

"कान शाबूत आहेत माझे."

"बोलला तो... स्वतः बोलला?"

"नाही, त्याचं गाढव बोललं! अरे, असं काय करतोस?"

मिलूदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडतोय की हसतोय ते तिला कळेना. "जिवंत आहे," तो पुटपुटला. "बरा आहे म्हणजे. बरा आहे." त्यानंतर जायला तोच उतावीळ झाला. जिवाभावाचे मित्र असतील, बऱ्याच वर्षांनी भेटताहेत, असं म्हणून तिने विषय सोडून दिला.

डोंगरातल्या शेवटच्या गावी मिलूदने एका घरासमोर गाडी थांबवली. दारात एक वाळकी, ताठ कण्याची म्हातारी जवाची लापशी ढवळत बसली होती. तिचं नाव इज्जा. बिहीची आई.

मिलूदने गाडीतून निळ्या कागदातला साखरेचा सुळका काढून तिच्या ओटीत ठेवला. "बिहीने पाठवलाय, आई. फ्रान्सहून. सुखात आहे म्हणाला."

तुरियाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. फ्रान्सहून? आणि मग खाणीच्या रस्त्यावरचं घर कुणाचं? ती तोंड उघडणार, तोच मिलूदने तिचं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

म्हातारीने साखरेवरून हात फिरवला, जसा पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग तिने तुरियाला जवळ ओढून लापशी वाढली. मधल्या खळग्यात पिवळंधमक लोणी. तुरिया डोळे मिटून जेवली.

"पोरी, तिकडे फार थंडी असते म्हणतात," इज्जा हळूच म्हणाली. "सोसते का गं त्याला? लहानपणी पाय गार पडले की झोपायचा नाही. मी कुशीत घेऊन चोळायची. तुझ्या नवऱ्याला किती वेळा विचारलं, तो म्हणतो, पायात लोकरीचे मोजे असतात."

"असतात, आई," मिलूद जमिनीकडे बघत म्हणाला.

गाडीत बसल्यावर तुरिया कडाडली. "हा काय प्रकार आहे? मुलगा हाकेच्या अंतरावर, आणि आईला फ्रान्सच्या थापा?"

"गुपचूप परतलाय. तिला चकित करायचंय त्याला."

"आणि साखर? ती तर आपण काल बाजारात घेतली!"

मिलूदने गाडीचा वेग वाढवला. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याच्या कपाळावर भर थंडीत घाम फुटला होता.

खाणीचा रस्ता लागला आणि वारा सुटला. डोंगराच्या अंगावरची लाल धूळ उठली ती सूर्यालाच गिळून बसली. दुपार असून दिवेलागणीसारखा अंधार झाला. खाण केव्हाच बंद पडली होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खाली कोरड्या ओढ्याची खोल घळ, वर उघडा कडा, आणि काचांवर धुळीची अखंड सरसर. काचा बंद असूनही आत गंजक्या लोखंडाचा वास भरला.

वळणावर दिवा दिसला. दगडी, बुटकं घर. दार उघडंच होतं.

आत चटईवर एक माणूस बसला होता. कमरेपासून खाली जाड घोंगडी. चेहरा हसरा, तरुण. तुरियाला वाटलं, हा तर मिलूदहून कितीतरी लहान दिसतो.

"या वहिनी, या. उठून सामोरा येत नाही, रागावू नका. पायांनी दगा दिलाय." मग त्याने नजर वळवली. "मिलूद. आलास!"

मिलूद दारातच खिळला होता. "बिही... मला वाटलं... तू..."

"बस की. जेवण निवतंय."

मिलूदने त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि त्याचा हात कपाळाला लावला. लगेच सोडलाही, चटका बसल्यासारखा. पण त्याच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली होती, की तुरियाला त्याची कीव आली. मित्र जिवंत होता. बस, एवढंच त्याला हवं होतं.

मधोमध परातीत कुसकुसचा, वाफवलेल्या जाड रव्याचा डोंगर रचला होता. वर सलगम, भोपळा, बकऱ्याच्या मांडीचा तुकडा. वाफ निघत होती. मिलूद इतक्या दिवसांचा उपाशी, वखवखल्यासारखा खाऊ लागला. बिही त्याच्याकडे बघत होता, आई लेकराकडे बघते तसा. स्वतः एक दाणाही उचलत नव्हता.

तुरियाने घास घेतला, सवयीने डोळे मिटले, आणि तसेच मिटून ठेवले.

वाफेला वास नव्हता. मटणाला, भोपळ्याला, कशालाच नव्हता. आणि घास अळणी होता. मीठ कमी नव्हे, मीठच नाही. लग्नाच्या पातेल्यात मीठ पडण्याआधी एक वाटी बाजूला काढून ती कित्येकदा स्वतः अंगणाच्या कोपऱ्यात ठेवून आली होती. ती वाटी ज्यांच्यासाठी असते त्यांचं नाव घेत नाहीत. ते मिठाला शिवत नाहीत.

तिने घास गिळला नाही. हळूच रुमालात काढून ठेवला.

"भाऊजी..." तिने रुमाल मुठीत दाबला. "मीठ... राहिलं का घालायचं?"

बिही हसला. "मिलूदला विचारा. आमच्यातलं मीठ त्यानेच संपवलं."

मिलूदचा हात परातीतच थांबला.

"सांग ना वहिनींना," बिही मऊ आवाजात म्हणाला. "शेवटचं आपण कुठे जेवलो? याच वळणावर. एका भाकरीचे दोन तुकडे केलेस, मीठ लावलंस. मग गाडी उलटली. मी खाली... पाय लोखंडाखाली. तू काय म्हणालास?"

"माल चोरटा होता, बिही... पोलीस... मी खरंच..."

"काय म्हणालास?"

"थांब..." मिलूदने परातीतला हात मागे घेतला. "थांब, मदत घेऊन आलोच."

बाहेर वारा एकदम पडला. दिव्याची वात फडफडायची थांबली.

"थांबलो," बिही म्हणाला. "पहिल्या रात्री तर प्रत्येक आवाजाला वाटायचं, तूच आलास."

तुरियाला सगळं लख्ख दिसलं. दोन्ही पाय दाबलेला, घळीत पडून रस्त्याकडे कान लावून बसलेला हा पोरगा. आणि वर गावात जाऊन त्याच्या आईला फ्रान्सच्या गोष्टी सांगणारा तिचा नवरा. दर वर्षी. साखर हातात ठेवून. मोजे लोकरीचे असतात म्हणे! भीती तर तिला वाटत होतीच, पण त्या मोज्यांपाशी तिच्या मनात असा संताप उसळला की भीती मागे सरली.

"वहिनी, तुमच्याशी माझं वैर नाही," बिही म्हणाला. त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. कोनाड्यात फडक्याखाली एक भाकर होती. "आई वाटेवर ठेवते, वाटसरूंसाठी, माझ्या नावाने. तेवढीच माझ्यापर्यंत पोचते. मला शिवता येत नाही, तुम्हीच घ्या. तिच्यात मीठ आहे. जो खाईल तो माझा पाहुणा. त्याला इथून कुणी अडवणार नाही. पण एकापुरतंच आहे."

तुरियाने भाकर हातात घेतली. जवाची, जाडसर, कडेला करपलेली. तिला इज्जाची वाळकी बोटं आठवली.

"तुरिया," मिलूद कुजबुजला. "अर्धी... अर्धी दे. घासभर तरी. चालेल तेवढं..." तो तिच्याकडे सरकू पाहत होता आणि जागचा हलत नव्हता. त्याने खाली पाहिलं. मांड्यांवर मुठी आपटल्या. "पाय... माझे पाय उचलत नाहीत. तुरिया! तू माझं मीठ खाल्लंयस गं!"

"तूही त्याचं खाल्लं होतंस," ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांत डोळे घालून तिने भाकर मोडली. पहिला घास खारट लागला, तोंडाला पाणी सुटावं इतका. तिने सावकाश चावला. मिलूद रडत होता, आईची शपथ घालत होता, देवाची घालत होता. ती खात राहिली. शेवटचा चुरा तळहातावरून चाटला.

मग उठली. उंबऱ्याशी पोचल्यावर मागे वळली. बिही आता मिलूदच्या अगदी शेजारी बसला होता, आपली घोंगडी मित्राच्या पायांवर पसरत.

"थांब," तुरिया नवऱ्याला म्हणाली. "मदत घेऊन आलेच."

आणि गाडी काढून थेट इज्जाच्या घरी आली. रात्रभर म्हातारीच्या शेजारी गप्प पडून राहिली. कुणाला उठवलं नाही.

सकाळी गावचे लोक तिच्याबरोबर गेले तेव्हा वळणावर घर नव्हतं. घळीत एक मालमोटार उलटी पडलेली होती, गंजून दगडांशी एकजीव झालेली. तिच्याखाली दोघं होते. एकाची नुसती हाडं. दुसरा मिलूद, कंबरेपर्यंत लोखंडाखाली. लोकांना ते लोखंड पहारींनी तोडावं लागलं. कितीतरी वर्षांचा गंज कुठेही उकललेला नव्हता. माणूस आत गेला कसा, ते कुणालाच सांगता येईना.

इज्जाने मुलाच्या पायांची हाडं मांडीवर घेतली आणि ती ऊब येईस्तोवर चोळली. ते पाहून दांडगे बाप्येही हुंदके देऊ लागले. तुरिया रडली ती फक्त तेव्हा. मिलूदसाठी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि त्याची खंतही तिला वाटली नाही. जे झालं ते न्यायाचंच झालं, असं तिचं मन तिला सांगत होतं.

महिना उलटला आणि तिला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा कुठे तिला कळलं, की त्या घरी ती एकटी जेवायला बसली नव्हती.

मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत, कधी न रडणारा. इज्जाला आता मागे कुणी नव्हतं. ती येऊन तुरियाकडेच राहिली आणि नातवासारखं त्याचं करू लागली. त्याला पहिला घास भरवायचा दिवस आला, तेव्हा तुरियाने मसुराची मऊ आमटी केली, चिमूटभर मीठ घातलं आणि चमचा त्याच्या ओठांना लावला.

पोराने तोंड असं फिरवलं की चमचा उडाला. पुन्हा लावला. त्याने थुंकून टाकलं आणि ओठ गच्च मिटले. तुरियाने चाखून पाहिलं. चव अगदी बरोबर होती.

"त्याला मीठ नको," इज्जा शांतपणे म्हणाली. आत जाऊन तिने रव्याची अळणी पेज आणली. पोराने आ केला. मिटक्या मारत, टाळ्या पिटत खाऊ लागला.

तुरियाने चमचा खाली ठेवला. एकापुरतंच आहे, तो म्हणाला होता. तिने एकटीने सगळी भाकर खाल्ली होती, चुऱ्यासकट. तिने पोराला छातीशी घट्ट धरलं, पण त्याला ते नको होतं. तो तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता आणि ओळखीचं हसत होता.

इज्जाने त्याच अळणी पेजेची आणखी एक वाटी भरून त्याच्या वाटीशेजारी ठेवली.

"ही कुणाला?" तुरियाने विचारलं.

म्हातारीने डोळे मिटले. जपमाळ घेऊन ती भिंतीशी टेकली. तुरिया मिठाचा डबा फळीवर ठेवायला आत गेली आणि लगेच परत आली. पोराची पेज अजून अर्धी उरली होती. शेजारची वाटी चाटूनपुसून लख्ख झाली होती, आणि इज्जा तशीच डोळे मिटून मणी ओढत बसली होती.