हेलसिंकीहून निघालेली संध्याकाळ

हेलसिंकीहून विमान उडालं तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकायच्या बेतात होता. दीड तास उलटला, तरी तो तिथेच होता.

केतकीने डोळे चोळले. वृंदाआत्याबरोबर ती अगदी पहिल्या रांगेत बसली होती. या नव्या विमानाला वैमानिक नव्हता. त्याच्या जागी नुसती मोठी काच, आणि काचेत तो तांबडा गोळा. वर नाही, खाली नाही. सगळ्यांचे चेहरे लालसर दिसत होते. खाली ढग एकसारखे पसरलेले, त्यामुळे विमान पुढे सरकतंय की नाही तेही कळेना.

"आपण वेळेवर आहोत," छतातला आवाज म्हणाला. मघाशीही तो हेच म्हणाला होता, अगदी अस्संच.

केतकीने पुन्हा घड्याळ पाहिलं. आइसलंडमध्ये, रेक्याविकला, बाबा कामावर असताना पडला होता. सकाळी त्याच्या पायाचं ऑपरेशन. त्याआधी तिला त्याला भेटायचं होतं.

"आत्या, विमान अडकलंय," ती कुजबुजली. "संध्याकाळ संपतच नाहीये. आपण पोचणारच नाही!"

आत्या हवामानशास्त्रज्ञ होती. तिने केतकीचा हात हातात घेतला. "रेक्याविक किती लांब आहे गं?"

"अडीच हजार किलोमीटर. साडेतीन तास. पण तिकिटावर निघायची वेळ साडेसहा आणि पोचायची आठ! मधले दोन तास गेले कुठे?"

"सांगते. सूर्य मावळतो म्हणजे काय होतं?"

"पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. आपल्याला सूर्यापासून लांब नेते."

"बरोबर. विषुववृत्तावर (पृथ्वीच्या मधोमध कल्पिलेलं वर्तुळ) जमीन तासाला सुमारे सोळाशे सत्तर किलोमीटर धावते. ध्रुवाकडे जावं तसं वर्तुळ लहान होतं, पण फेरीला लागतात चोवीसच तास. मग वेग?"

"कमी!"

"इथे तो साडेसातशेच्या आसपास आलाय. आणि आपण पश्चिमेला जवळजवळ तेवढ्याच वेगाने चाललोय."

केतकी ताठ झाली. "पृथ्वी आपल्याला जेवढं लांब नेते, तेवढंच विमान परत आणतं! आणि घड्याळं साधारण सूर्य बघूनच लावतात, म्हणून तिथलं घड्याळ दोन तास मागे!"

"शाब्बास."

"मग विमानाचा वेग कमी झाला तर?"

"बघच."

विमान उतरू लागलं. वेग मंदावला, उंची घटली, आणि इतका वेळ न हललेला तो गोळा खाली घसरला. अर्धा राहिला. चिमूटभर राहिला. मग नाहीसाच झाला. अंधार इतका हवाहवासा केतकीला कधीच वाटला नव्हता. त्या अंधारात धावपट्टीचे दिवे उजळले.

दवाखान्यात बाबाच्या कुशीत शिरून तिने सगळं सांगितलं.

"आणि चंद्र तर फारच सावकाश फिरतो. त्याच्या विषुववृत्तावर तासाला सोळा-सतरा किलोमीटर सायकल मारली, तरी सूर्य मावळणार नाही. जाऊया, बाबा?"

बाबाने फळीला बांधलेल्या पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जाऊ की. दोन सायकली न्यायच्या. उद्या एवढा पाय नीट बसू दे."