कोकमात भिजलेलं कासव

विझलेल्या वस्तूवर पुन्हा पाणी का ओतायचं? सांगा बघू! सगळ्या वाडीला चूल पेटवायला शिकवणारी मी, पण विमानात बसेपर्यंत मलाही उत्तर ठाऊक नव्हतं.

आमचं विमान विजेवर उडणारं. आवाज झोपलेल्या मांजराएवढा. खाली पिंजलेल्या कापसासारखे ढग, त्यांवर संध्याकाळचं केशर सांडलेलं. नात केतकी मांडीवरच्या यंत्रकासवाशी कुजबुजत होती. ते तिला तारे ओळखायला शिकवी. बोलायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

एकाएकी कासवाच्या पाठीतून धूर निघाला. केतकीने ते खाली टाकलं, तोच ज्वाळा उठली.

हवाईसेविका फिलोमीना धावत आली. डोक्यावर धूरटोप (धुरात श्वास घेता यावा म्हणून घालायचा टोप), हातात आग विझवायचं नळकांडं. एका फवाऱ्यात ज्वाळा गेली. आम्हाला तिने मागे बसवलं, सगळ्यांना खाली वाकून नाकाला कापड लावायला सांगितलं आणि ती पाणी आणायला वळली.

तेवढ्यात मी पुढे झाले नि कासवावर माझी गोधडी टाकली. आग कोंडली की मरते, त्यात काय मोठं!

"आजी, गोधडी काढा! पाणी ओतायचंय," पाणी घेऊन आलेली फिलोमीना ओरडली.

"विझलंय ते. आणि विजेच्या वस्तूवर पाणी? कोणी गो शिकवलं तुला?"

"पाणी नको!" केतकी रडू लागली. "माझ्या सगळ्या गोष्टी आहेत त्यात. ते मरेल!"

टोपातून फिलोमीनाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "आजी, निजताना चुलीतला विस्तव राखेखाली का झाकता?"

"सकाळी काडी ओढायला नको म्हणून. झाकला की तो जिवंत..."

गोधडी मीच ओढून काढली. खालून पुन्हा धूर!

"बॅटरीत घट (वीज साठवायच्या कोठ्या) शेजारीशेजारी असतात," पाणी ओतता ओतता फिलोमीना म्हणाली. "एक तापून फुटला की त्याची झळ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. ही उष्णताधाव (उष्णतेनेच उष्णता वाढत जाणं). ज्वाळा गेली तरी आतली धग चालूच. झाकलं तर ती कोंडते. पाणी ती शोषून घेतं. आणखी पाणी द्या! सरबतही चालेल, दारू तेवढी नको."

केतकीने कासवाकडे पाहिलं. मग डोळे पुसून माझ्या पिशवीतली कोकम सरबताची बाटली काढली आणि स्वतःच फिलोमीनाच्या हाती दिली.

चुर्र झालं. हळूहळू धूर थांबला. कासव लाल डबक्यात गप्प झालं.

खिडकीबाहेर ढग जांभळे होत गेले. केतकी काचेला नाक लावून म्हणाली, "तो शुक्र."

आता तिला सांगायला कासव नव्हतं. तिचं तिनेच ओळखलं.

"आजी, मी अशी बॅटरी करीन, की एक घट तापला तरी शेजारच्याला झळ लागणार नाही."

"कर की! पहिली माझ्या चुलीजवळ ठेवून बघू," मी म्हटलं. "गोधडी मात्र लांब ठेवीन हो."